9,000 किमीची येझदी रोडकिंग आणि तिचा पेट्रोल कॉक

किलोमीटर कमी म्हणजे गाडी नव्यासारखी, असं समजून कोणी जुनी येझदी मोटरसायकल शोधत असेल तर आधी हे वाचा. माझी रोडकिंग 1988ची, मीटरवर 9,000सुद्धा पूर्ण नाहीत. नाशिकजवळ सिन्नरला एका वाड्यात गोणपाटाखाली उभी होती. रंग मूळचा, दोन्ही सायलेन्सरचं क्रोम शाबूत. बघताक्षणी व्यवहार ठरला.

पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. क्रँकचे ऑइल सील पार कडक झाले होते. हिच्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात एका बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढरा धूर. दुसऱ्या बाजूनं हवा शिरली की मिक्श्चर लीन होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पिस्टन जाम. म्हणून चालू होत असूनही इंजिन उघडून घेतलं. सील, बेअरिंग, टायर-ट्यूब, ब्रेक शू, केबली, सगळं नवं. मिस्त्री म्हणाला, "काका, रंग आणि क्रोमपण करून टाकू." नको म्हटलं. मूळ रंग एकदा घासला की गेला, आणि खरं सांगायचं तर एस्टिमेट ऐकूनच घाम फुटला होता.

चालवायला झकास. नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याला पन्नास-साठच्या वेगात तो आवाज ऐकत जावं. ब्रेक आजच्या ट्रॅफिकला पुरत नाहीत, गर्दीचा द्वारका चौक टाळतो.

आता कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी. मूळ कॉक गळत होता म्हणून बाजारातला नवा बसवला, 450 रुपये. आठवड्यात तोही ठिबकायला लागला. दुकानदारानं कुरकुरत बदलून दिला, दुसराही तसाच. लिव्हर बंद केली तरी थेंब चालूच. पेट्रोल शंभरीपार आणि ते माझ्या पार्किंगच्या फरशीला पाजायचं? खाली वाटी ठेवायला लागलो. वाटी कुठली हे घरात कळल्यावर तोही उपाय संपला.



भद्रकालीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी माझा मूळचाच कॉक आणायला सांगितला. त्याच्या आतली सीट (पॅकिंग टेकतं तो भाग) घासून सपाट केली, नवं पॅकिंग कापून बसवलं. 80 रुपये. वर टाकी उपडी करून दाखवली, तर गंजाचा चुरा! ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, कॉकच्या तोंडाशीच. तिथं धरलेल्या गंजाचा चुरा सीटवर अडकला की कुठलाही कॉक गळणार. पण तेवढ्यानं बाजारातला कॉक चांगला ठरत नाही, त्याची लिव्हर आजही डुगडुगते.

टाकी व्हिनेगरनं साफ केली, सोड्याच्या पाण्यानं धुतली, लगेच वाळवून आतून टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल फिरवलं. टाकीला आतून लेप द्यायचा, म्हणजे लायनिंगचा, हजारो रुपयांचा खर्च वाचला. आता घराजवळ आलो की कॉक बंद करतो, कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबतं. तेव्हापासून फरशी कोरडी.

कागदांचं राहिलं. 2021च्या नियमाप्रमाणे विंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांची लागते, त्यामुळे हिला पेठ रोडच्या आरटीओत साधं 5 वर्षांचं नूतनीकरण. घेण्याआधी आरसीची मुदत स्वतः बघा. माझ्या विक्रेत्यानं ती संपल्याचं सांगितलंच नव्हतं, दंड मी भरला.