लॉर्ड पीटर विम्झी: पहिल्यापासून की हॅरिएटपासून?

हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटरवरची डोरोथी सेयर्सची ही रहस्यकादंबऱ्यांची मालिका १९२३च्या ‘हूज बॉडी?’पासून क्रमाने वाचली, तर पहिल्या महायुद्धाने हादरलेला पीटर आणि त्याला सावरणारा त्याचा नोकर बंटर नीट उमगतात. मात्र सुरुवातीचा पीटर भलताच बडबड्या. शिवाय १९३१ची ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ रेल्वेच्या वेळापत्रकांत रुतते. ती खुशाल मागे ठेवा.

दुसरी वाट रहस्यकथा लिहिणाऱ्या हॅरिएट वेनची: ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०), ‘हॅव हिज कार्केस’ (१९३२), ‘गॉडी नाइट’ (१९३५), ‘बसमन्स हनीमून’ (१९३७). आर्सेनिकने प्रियकराला मारल्याचा आरोप असलेली हॅरिएट थेट कोर्टातच भेटते. इथे क्रम मोडू नका. ‘गॉडी नाइट’मध्ये खूनच नाही, आणि पीटरच्या लग्नाच्या मागणीला हॅरिएटने आधी दिलेले नकार माहीत नसतील, तर ऑक्सफर्डमधला शेवट फिका वाटतो. नवख्याने हीच वाट धरावी.