साठ लिटरचा ओटीजी, वीस महिने आणि अडलेला पंखा

२०२३ च्या दिवाळीनंतर लगेच हा ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकत्र असलेला विजेचा ओव्हन) घेतला. ६० लिटर, २००० वॅट, वर दोन आणि खाली दोन तापणारे रॉड, उजव्या भिंतीत कन्व्हेक्शनचा, म्हणजे गरम हवा आत खेळवणारा पंखा. नागपुरातल्या नरेंद्रनगरच्या घरातून मी नानकटाई, खारी बिस्किटं आणि संत्र्याच्या हंगामात संत्र्याचा केक अशा ऑर्डरी घेते. आठवड्यातले चार दिवस तरी ओव्हन चालतो. आता वीस महिने झालेत. त्यातले चार महिने पंख्यापायी गेले, म्हणून जास्त त्याचंच लिहिते.

पहिलं वर्ष काहीही तक्रार नव्हती. पंख्यामुळे दोन ट्रे एकदम लावता येतात, आणि मला ओव्हन घ्यायचा होता तो त्याचसाठी. पंखा सुरू असला की तापमान १५-२० अंश कमी ठेवायचं, म्हणजे १८० ची कृती १६० ते १६५ वर. एवढं अंगवळणी पडलं की भाजणं छान जमतं. माझ्या ओव्हनचा थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) दहा अंश जास्त तापवतो, हे आत वेगळा थर्मामीटर ठेवल्यावर कळलं. ती फार मोठी गोष्ट नाही.

या फेब्रुवारीत पंख्याचा आवाज सुरू झाला. ओव्हन थंड असताना लावला की पहिली दोन-तीन मिनिटं घर्रर्र, तापला की शांत. तापल्यावर बंद होतोय ना, मग चालेल, असं म्हणून मी सोडून दिलं. सोडायला नको होतं. मोटरचा दांडा ज्या नळीत फिरतो त्या बुशमधलं तेल घट्ट झालं की नेमकं असंच होतं. गरम झाल्यावर ते जरा सैलावतं आणि आवाज थांबतो.

मार्चच्या शेवटी एका लग्नघरची नानकटाईची ऑर्डर होती. ट्रे बाहेर काढला तर मागची ओळ तळाशी करपलेली, काचेकडची ओळ पांढरट आणि बोट लावलं तर दबणारी. चोवीसपैकी देण्यासारख्या अकरा निघाल्या. स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि काचेतून आत टॉर्च मारला. पंखा फिरतच नव्हता. पाती जागच्या जागी बारीक थरथरत होती आणि आतून 'हूंऽऽ' असा आवाज येत होता.

हा आवाज नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. आधी मोडचा नॉब बघून घ्या. बऱ्याच ओटीजींमध्ये टोस्टच्या खुणेवर पंखा चालतच नाही, तो बिघाड नसतो. नॉब बरोबर असून पंखा फिरत नाही पण गुणगुणतो, म्हणजे मोटरपर्यंत वीज पोचते आहे; एकतर दांडा अडला आहे किंवा मोटरमध्ये जोर कमी पडतो आहे. अजिबात आवाज नसेल तर नॉबमागचा स्विच, सुटलेली वायर किंवा जळालेलं वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) यांपैकी काहीतरी असतं.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांकडे मोटर नव्हती, आणि वॉरंटीही संपली होती. मग एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने ओव्हन न उघडताच 'कपॅसिटर गेला' म्हणून अठराशे रुपये सांगितले. सीलिंग फॅनला कपॅसिटर असतो हे खरं. पण ओव्हनच्या पंख्याची मोटर शेडेड पोल जातीची असते. पत्र्याच्या पट्ट्यांचा चौकोनी गठ्ठा, एका बाजूला तारेचं वेटोळं आणि रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, कडेला तांब्याची जाड कडी. त्या कड्यांमुळेच ती एका ठरलेल्या दिशेने फिरते. तिला कपॅसिटर नसतोच. तुम्हाला कोणी तो बदलायला सांगितला तर आधी तो कुठे आहे ते दाखवायला सांगा.

शेवटी कामास आले आमच्या गल्लीतले कूलरवाले भाऊ. एप्रिलमध्ये नागपुरात कूलर दुरुस्त करणाऱ्याइतक्या मोटरी दुसरं कोण उघडतं? त्यांनी आधी प्लग काढून लांब ठेवला, ओव्हन पूर्ण थंड होऊ दिला, मग उजव्या बाजूचा पत्रा खोलला. दांड्याला बोटाने फिरवून बघितलं. असा दांडा बोटाने झटकला की चार-पाच फेरे सहज घेतो. माझा पाव फेऱ्यात थांबला.

"काऊन बदलता जी मोटर? जळली नाही ते. बुश सुकून राहिला."

पात्याचा नट त्यांनी उलट्या दिशेने फिरवून काढला. तो उलट्या आट्यांचा असतो, पंखा फिरताना सैल न होता घट्टच व्हावा म्हणून. हे माहीत नसलं तर आपण जोर लावतो आणि आटे मारून बसतो. दांडा बाहेर आला तेव्हा त्यावर तपकिरी, चिकट थर होता. तळणाच्या कढईच्या कडेला जमतो ना, अगदी तसा, नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. तुपाची वाफ दांड्याच्या भोकातून हळूहळू आत येते आणि उष्णतेने तिथेच शिजते. भाऊंनी तो स्पिरिटने पुसला, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं, आणि पंखा पूर्वीसारखा फिरायला लागला.

बारा दिवस चालला. मग पुन्हा तेच. भाऊ स्वतःच म्हणाले, "हे तेल इथं नाही टिकत ताई. कूलरची मोटर गार हवेत असते, हे भट्टीच्या बाजूला आहे." शिवाय एवढ्या दिवसांत दांडा झिजून बुशमध्ये हलायला लागला होता. आता मोटर बदलणं भाग होतं.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दोन दुकानं फिरून साडेसहाशेला मोटर मिळाली. जुनी सोबत न्या, फोटोवर आणू नका. दांड्याची लांबी, पट्ट्यांच्या गठ्ठ्याची जाडी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर हे तर जुळावंच लागतं, पण फिरण्याची दिशाही जुळावी लागते. पहिल्या दुकानातली मोटर बाकी सगळी बरोबर होती, फक्त उलटी फिरत होती. वायर अदलाबदल करून तिची दिशा बदलत नाही; रोटर काढून उलटा बसवावा लागतो. आणि उलट फिरणाऱ्या मोटरवर तो उलट्या आट्यांचा नट सैल होत जाणार. दुसऱ्या दुकानात जुळणारी मिळाली.

एवढं करूनही मेच्या शेवटी, नवतपा (उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस) सुरू झाला तसा, संध्याकाळी नवी मोटरही रेंगाळायला लागली. सकाळी लगेच फिरायची, रात्री आठला लावली की आधी गुणगुण, मग सावकाश फेरा. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. पण सकाळी ठीक आणि रात्री नाही, यातच उत्तर होतं. इलेक्ट्रिशियनने मल्टीमीटर सॉकेटला लावला. ओव्हन बंद असताना २०५ व्होल्ट, रॉड तापायला लागले की १८८.

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० ऐवजी १८८ मिळाले तर जोर दोन तृतीयांशच उरतो, आणि शेडेड पोल मोटरला सुरू होण्यापुरता जोर मुळातच कमी असतो. बाहेरून येणारं व्होल्टेज संध्याकाळी घराघरांतल्या कूलर-एसीमुळे उतरतं, त्याला आपला इलाज नाही. पण ओव्हन लावल्यावर आणखी १७ व्होल्ट पडत होते ते आमच्याच घरात. सात अँपिअरच्या आसपास करंट धरला तर सव्वाशेच्या जवळपास वॅट उष्णता माझ्या भिंतीतल्या वायरमध्ये आणि सॉकेटमध्ये निघत होती! सॉकेट उघडला तर एका टोकाचं प्लास्टिक काळं पडलेलं होतं. नवा १६ अँपिअरचा सॉकेट आणि मेन बोर्डापासून थेट चार चौरस मिलिमीटरची वायर घातली. आता रॉड तापत असताना २०२-२०३ मिळतात आणि पंखा रात्रीही लगेच उचलतो. पहिली मोटरही निम्मी तरी या सॉकेटनेच मारली असं माझं ठाम मत आहे. कमी व्होल्टेजवर ती अडत अडत सुरू होत राहिली आणि तापत राहिली.

मधल्या काळात ऑर्डरी थांबवल्या नाहीत. ओटीजीचा पंखा बंद असला तरी वरचे-खालचे रॉड वापरता येतात: तापमान पुन्हा १८०, एकच ट्रे मधल्या खणात, अर्ध्या वेळात फिरवून लावायचा. भिंतीत बसवलेल्या मोठ्या ओव्हनमध्ये मात्र पंख्याभोवती गोल रॉड असतो. पंखा बंद असताना तो मोड लावू नका. आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर घरी उघडूच नका. त्यातला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून असतो.

ओव्हन म्हणाल तर मी पुन्हा हाच घेईन. पत्रा जाड आहे, दाराची काच अजून नीट बसते, भाजणं एकसारखं होतं. नाराजी आहे ती एका गोष्टीवर. पंख्यासारखा झिजणारा भाग दीड वर्षात मिळेनासा व्हायला नको होता. आता पंखा थंड असताना महिन्यातून एकदा बोटाने फिरवून बघते. मागच्या रविवारी मोजला, चार फेरे.