डिझेलचा टॅकोमीटर: सिग्नल डब्ल्यू टर्मिनलवरून घ्यावा की क्रँक पुलीवरून?

जुन्या डिझेलला इग्निशन कॉइल नसते, त्यामुळे टॅकोमीटरसाठी, म्हणजे इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दाखवणाऱ्या मीटरसाठी, पेट्रोलसारखा कॉइलच्या निगेटिव्हवरून सिग्नल उचलता येत नाही. मग घरच्या घरी जमण्यासारखे दोनच मार्ग उरतात: अल्टरनेटरचं डब्ल्यू टर्मिनल (त्याच्या फिरण्याबरोबर पल्स देणारं टोक), नाहीतर क्रँक पुलीला लोहचुंबक आणि त्याच्यासमोर हॉल सेन्सर (चुंबक समोर आला की सिग्नल देणारा). मी दोन्ही वापरले आहेत.

डब्ल्यूचा मोह कुणालाही पडेल. एक वायर ओढली की झालं. ना ब्रॅकेट, ना भोक. सिग्नलही भरघोस. अल्टरनेटरचा 12 पोलचा रोटर (आतला फिरता विद्युतचुंबक) एका फेरीत 6 पल्स देतो. पुलींचं प्रमाण 2.5 असेल तर क्रँकच्या एका फेरीला 15. काटा अजिबात थरथरत नाही. फक्त मीटर मागे कॅलिब्रेशनचा स्क्रू असलेला घ्यायचा.

माझं बिनसलं ते आयडलिंगवर. थंड इंजिन सुरू केलं की काटा शून्यावर ढिम्म. इंजिन धडधडतंय आणि मीटरच्या मते ते बंद! जरा रेस दिली की काटा टुणकन वर उडतो आणि मग शहाण्यासारखा चालतो. रोटरला सुरुवातीचा करंट मिळाल्याशिवाय अल्टरनेटर जागा होत नाही, आणि तो करंट चार्जिंगच्या दिव्यातून येतो. 2 वॅटचा साधा बल्ब 12 व्होल्टला साधारण 170 मिलिअँपिअर जाऊ देतो. तिथे एलईडी असेल तर अगदीच चिमूटभर. एलईडीला समांतर रेझिस्टर जोडला की हे बरंचसं सुटतं, त्यामुळे सगळा दोष डब्ल्यूवर टाकणं बरोबर नाही. पण थंड इंजिन किती आरपीएमवर स्थिरावतंय हे बघायलाच मला टॅकोमीटर हवा होता, आणि नेमका तेव्हाच तो मौनात. रोज सकाळी हे बघून मी वैतागलो.

शिवाय डब्ल्यू मोजतो तो अल्टरनेटरचा वेग, इंजिनाचा नव्हे. पट्टा घसरला की आकडा घसरतो. अल्टरनेटरची 60 मिलिमीटरची पुली जाऊन 65 ची आली, तर खऱ्या 2000 आरपीएमला मीटर साधारण 1850 दाखवेल, तेही इतक्या आत्मविश्वासाने की शंकाच येऊ नये.

हॉल सेन्सरला मेहनत जास्त, हे खरं. ब्रॅकेट इंजिनावरच बसवा, चॅसिसवर नको. डिझेल बंद होताना माउंटिंगवर असं हलतं की चॅसिसवरचा सेन्सर पुलीवर आपटू शकतो. बहुतेक सेन्सर चुंबकाचा एकच पोल ओळखतात, म्हणून चिकटवायच्या आधी चुंबक समोर धरून बघा. पाठीमागे छोटा दिवा असलेला सेन्सर घेतला तर तो लुकलुकतो आणि काम सोपं होतं. एक्झॉस्टच्या जवळ साधा निओडिमियम चुंबक नको, 80 अंशांच्या वर त्याची ताकद कमी होऊ लागते.

एकाच चुंबकावर 800 आरपीएमला सेकंदाला जेमतेम 13 पल्स मिळतात, त्यामुळे काटा कापतो. समोरासमोर दोन चुंबक लावले की पुलीचा तोलही राहतो आणि एका फेरीला 2 पल्स मिळतात. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा टॅकोमीटर एवढेच पल्स मागतो. म्हणजे साधा मीटर ‘4 सिलिंडर’वर ठेवा, कॅलिब्रेशनची भानगडच नाही. सेन्सरचं आउटपुट ओपन कलेक्टर असेल, म्हणजे ते सिग्नल फक्त ग्राउंडला ओढत असेल, तर पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची वायर पॉझिटिव्हला जोडणारा) तेवढा विसरू नका. मला विचाराल तर एक दिवस हात काळे करणं परवडलं. तेव्हापासून स्टार्टर सोडल्या सोडल्या काटा जागेवर असतो.

फ्लायव्हील हाउसिंगला आधीच आटे पाडलेलं भोक असेल तर मॅग्नेटिक पिकअप (समोरून जाणारे लोखंडी दात ओळखणारा सेन्सर) याहूनही सरस. फ्लायव्हीलभोवतीच्या रिंग गिअरच्या दातावर टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि अर्धा आटा मागे घ्यायचा; 1.5 मिलिमीटर पिचला 0.75 मिलिमीटर फट मिळते. टेकवताना समोर दातच आहे, दोन दातांमधली खाच नाही, एवढं बघा. मीटर मात्र रिंग गिअरचे दात मोजून सेट करता येणारा लागतो. भोक नसेल तर त्यासाठी हाउसिंग उतरवावं असं मला वाटत नाही.

फक्त गिअर बदलण्यापुरता अंदाज हवा असेल तर डब्ल्यूही चालून जाईल. तसं केलंत तर आधी चार्जिंगचा दिवा तपासा, क्रँक पुलीला चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने दोन वेगवेगळ्या वेगांवर आकडा ताडून बघा, आणि पुली किंवा अल्टरनेटर बदलला की कॅलिब्रेशनचा स्क्रू पुन्हा जुळवा.