टॅली प्राइम कॉलेजच्या अकाउंट्ससाठी कसं आहे?

नागपुरात कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला आहे, रोजचं काम टॅली प्राइम या अकाउंटिंग सॉफ्टवेअरवरच, म्हणून लिहितेय. दुकानदारांचं सॉफ्टवेअर म्हणून बरेच जण नाक मुरडतात, पण हेड (जमा-खर्चाची खाती) नीट लावले तर मस्त चालतं बाप्पा.

२८ ग्रुप (खात्यांचे मोठे गट) रेडीमेड येतात, त्यांच्याखाली आपले लेजर, म्हणजे एकेक खातं. घोळ इथेच होतो, लोकं केमिस्ट्री स्टेशनरी, फिजिक्स स्टेशनरी असे वेगवेगळे लेजर काढत सुटतात, २० डिपार्टमेंट गुणिले १५ खर्च म्हणजे ३०० लेजर, मग ऑडिटर आले की शोधत बसा! स्टेशनरी एकच ठेवा अन् डिपार्टमेंटचे कॉस्ट सेंटर करा, म्हणजे कोणता खर्च कोणाचा ते त्यावरून कळतं.

खरी कमाल कॉस्ट कॅटेगरीची, म्हणजे कॉस्ट सेंटरच्या गटांची. एकीत डिपार्टमेंट, दुसरीत फंड, म्हणजे पैसा कोणत्या ग्रँटचा ते. समजा इतवारी बाजारातून बीकर-फ्लास्क आले, बिल ८,४०० चं, तर एकाच व्हाउचरमध्ये (एंट्रीत) पूर्ण रक्कम केमिस्ट्रीवर पण दिसते आणि ग्रँटवर पण, अन् लेजरमध्ये डबल होत नाही. ग्रँट कशावर खर्च झाली ते दाखवणारं युटिलायझेशन सर्टिफिकेट काढताना हे सोनं आहे सोनं.

कोड नंबर पाहिजेच असेल तर एलियासमध्ये (लेजरच्या दुसऱ्या नावात) टाका, एंट्री करताना नुसता नंबर मारला तरी लेजर येतं. डिपार्टमेंटचं नाव बदललं तर कॉस्ट सेंटरचं नाव बदला, जुन्या एंट्र्या तशाच राहतात, फक्त नवीन नावाखाली दिसतात.

एचओडीची (विभागप्रमुखाची) मंजुरी, इंडेंट (सामानाची मागणी) वगैरे आमच्याकडे अजून कागदावरच चालतं. छोट्या-मध्यम कॉलेजनं बिनधास्त घ्या, फक्त कॉस्ट सेंटर उघडायच्या आधी सगळ्या एचओडींना एकदा बसवून यादी पक्की करा.