पाँपेईची शांतता आणि पंख्याची घरघर: एका हंगामाच्या वापरानंतर

प्रोजेक्टर परवा दुरुस्तीहून परत आला, म्हणून आता लिहितो. ल्युमेन्स, रिझोल्यूशन तुम्ही वाचलेलंच असेल. कापसाच्या चुकाऱ्यातून हा घेतला तो एकाच फिल्मसाठी: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं पाँपेई, म्हणजे इटलीतल्या त्या प्राचीन शहराच्या अवशेषांत चित्रित झालेली मैफल. ऑक्टोबर 1971, रोमन अँफिथिएटर, समोर एकही प्रेक्षक नाही. 2025 मध्ये मूळ 35 मिमी निगेटिव्हवरून ती 4के मध्ये आली, संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या नव्या साउंड मिक्ससह.

तक्रार पंख्याची आहे. त्यातलं ‘एकोज’ हे गाणं सुरू होतं ते बँडच्या रिक राइटच्या पियानोच्या एकाच सुराने. टिंग. मग काहीच नाही. पुन्हा टिंग. त्या दोन टिंगांमधल्या जागेसाठी मी ही फिल्म बघतो आणि नेमका तिथेच हा घरघरतो. सर्व्हिसवाला म्हणाला, “भाऊ, पंखा तर वाजतेच. गाणं सुरू झालं का ऐकू नाही येत.” अहो, तेव्हा गाणं सुरूच झालेलं असतं!

दुसरं दुखणं विजेचं. रात्री थ्री-फेज आली की वावरावावरात मोटारी सुरू होतात आणि घरातलं व्होल्टेज बसतं. त्यातच प्रोजेक्टरचा सर्किट बोर्ड गेला. ‘व्होल्टेजमुळे बिघाड’ म्हणून वॉरंटी नाकारली, अमरावतीच्या खेपा आणि बिल माझ्या माथी. खेड्यात विकता, तर खेड्याची लाइन सोसेल असं यंत्र द्या. पाँपेईतही वीज पुरली नव्हती. गावातून लांबलचक केबल ओढेपर्यंत शूटिंगचे दिवस वाया गेले. हे वाचल्यापासून ती फिल्म मला आणखीच आपली वाटते.

तेव्हा एक स्टार देणार होतो. आता मत बदललंय. स्टॅबिलायझर लावला, प्रोजेक्टर ओसरीत ठेवून खिडकीतून माजघराच्या भिंतीवर चित्र टाकलं, आवाज वेगळ्या स्पीकरवर घेतला. घरघर बरीच बाहेर राहिली. ‘वन ऑफ दीज डेज’ या गाण्याची बरीच रिळं हरवली, म्हणून त्यात जवळजवळ ड्रमर निक मेसनच दिसतो. मधेच त्याच्या हातून काठी उडते, तो दुसरी उचलतो, ठेका तसूभरही ढळत नाही. चुना लावलेल्या भिंतीवर हे एवढं मोठं बघताना मी उठून उभा राहिलो होतो.

फिल्ममधल्या पॅरिसच्या स्टुडिओत घेतलेल्या अंधाऱ्या प्रसंगांत काळा रंग राखाडी दिसतो. ते चालवून घेतो.

तीन स्टार. दोन कापले ते पंख्याचे आणि वॉरंटीचे. घ्यायचाच असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे आधी बाजूला काढा, आणि दुकानात आवाज पूर्ण बंद करून पंखा ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.