हिंगणा ते भिवंडी: दहा टायर गाडी, समृद्धी महामार्ग आणि आठ महिने

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. विजेच्या केबल टाकायचे केबल ट्रे, लॅडर, सपोर्ट असा गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) माल बनवतो. त्यातला निम्म्याहून जास्त भिवंडी-तळोज्याकडे जातो. घरची एक दहा टायर गाडी आहे, बाकीच्या गरजेप्रमाणे नागपूरलगतच्या वाडीच्या ट्रक-ब्रोकरकडून भाड्याने घेतो. 5 जून 2025 ला समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जुलैपासून घरची गाडी मी पूर्णपणे त्याच रस्त्याला लावली. आठ महिन्यांत तीसेक खेपा झाल्या. कारवाल्यांचे अनुभव खूप वाचायला मिळतात, पण भरलेल्या ट्रकचा हिशेब वेगळा असतो, म्हणून हे लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. अमरावती, अकोला, धुळे, मालेगाव, नाशिक आणि शेवटी कसारा घाट अशी आमची जुनी वाट. सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास. गाडी कधी पोचेल हे विचारलं की मी पार्टीला (माल घेणाऱ्याला) "परवापर्यंत" सांगायचो, आणि त्यातही पोटात गोळा असायचा. आता नागपूरच्या टोकाला शिवमडक्याला गाडी समृद्धीवर चढली की 701 किलोमीटर सरळ आमण्याला उतरते. घाटाऐवजी इगतपुरीचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा. ट्रकला वेगमर्यादा 80 ची आहे. भरली गाडी थांबे धरून पंधरा-सोळा तासांत जाते. मला यात वेगापेक्षा खात्री मोठी वाटते. साइटवर क्रेन कधी बोलवायची हे पार्टीला आदल्या दिवशी सांगता येतं. ई-वे बिलाला (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाला) 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. पूर्वी ब्रेकडाऊन झाला की मुदत वाढवायची धावपळ व्हायची, या आठ महिन्यांत एकदाही झाली नाही.

पैशांचं मात्र नीट समजून घ्या. दहा टायरच्या, म्हणजे तीन ॲक्सलच्या गाडीला टोल किलोमीटरमागे साडेसात रुपयांच्या वर आहे, म्हणजे एका बाजूचे पाच हजारांहून जास्त. अंतर शंभरावर किलोमीटरने कमी झालं, भरल्या गाडीला साडेतीन-चारचं ॲव्हरेज धरलं तर तीसेक लिटर डिझेल वाचतं. जुन्या रस्त्याचे टोल वजा करूनही प्रत्येक खेपेत थोडे पैसे जास्तच जातात. ते वसूल होतात गाडीच्या फेऱ्या वाढल्या तरच. महिन्याला तीन व्हायच्या, आता चार होतात, कधी पाच. पण त्यासाठी भिवंडीत रिटर्न लोड (परतीचा माल) वेळेत मिळायला हवं आणि गाडी वेळेत खाली व्हायला हवी. एका गोडाऊनच्या गेटवर आमची गाडी एकोणीस तास उभी होती. रस्त्याने कमावलेला सगळा वेळ तिथे गेला, हॉल्टिंगचा (गाडी अडकवून ठेवल्याच्या भाड्याचा) एक रुपया मिळाला नाही. वर पार्टी म्हणते, गाडी लवकर पोचते तर भाडं कमी करा. मी आता ऑर्डरमध्येच लिहून घेतो: आठ तासांनंतर हॉल्टिंग लागेल.

ताडपत्रीचा धडा पहिल्याच पावसाळ्यात मिळाला. आमचा माल फुगीर. गाडीची पासिंग (गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा) 28.5 टनांची, पण वजनाआधी जागा भरते, त्यामुळे भरती उंच जाते. जुन्या रस्त्याला गाडी दर दहा मिनिटांनी हळू व्हायची, ताडपत्रीला दम मिळायचा. इथे एकाच वेगात तासन् तास वारा लागतो. ऑगस्टच्या खेपेत मागच्या कोपऱ्याची कडी फाटली, दोर सैल झाला आणि पाणी थेट बंडलात शिरलं. पार्टीने फोटो पाठवले: एकमेकांवर रचलेल्या ट्रेच्या मधोमध पांढरी भुकटी, चुन्यासारखी. गॅल्वनाइज्ड माल ओला राहून हवा लागली नाही की हा पांढरा गंज धरतोच. चाळीस ट्रे परत आले. तेव्हापासून दोन ताडपत्र्या, वरून जाळी, प्रत्येक बंडलात लाकडी पट्टी, आणि जालन्याला उतरून दोर पुन्हा आवळायचे.

टायरचंही तसंच. ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी, मेहकरच्या पुढे मागच्या जोडीतला आतला टायर गेला. चूक माझी होती. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर अजून दोन खेपा काढेल म्हणून मी ठेवला होता. तापलेला काँक्रीट रस्ता आणि न थांबता एकसारखा वेग, त्यात कमजोर टायर टिकत नाही. आता रिमोल्ड बंद, आणि निघण्याआधी थंड टायरची हवा मी स्वतः मोजतो.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ड्रायव्हरची आहे. आमचे ड्रायव्हर काका बावन्न वर्षांचे, तीस वर्षं स्टेअरिंगवर. तिसऱ्या खेपेनंतर ऑफिसात येऊन बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, गाडीले काही होत नाही, माणसाले होते. समोर ना गाव, ना वळण, ना ढोर. डोये उघडे अन् माणूस झोपेत." मी त्या रात्री झोपलो नाही. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस जळून 25 माणसं गेली, ती बस नागपुरातूनच निघाली होती. संध्याकाळी माल भरायचा आणि रात्रीच गाडी सोडायची ही आमची जुनी सवय मी दुसऱ्या दिवशी मोडली. आता भरलेली गाडी रात्रभर आवारात उभी असते, काका घरी जेवून झोपतात आणि पहाटे चारला निघतात. निम्म्यावर, जालन्याला, दुसरा ड्रायव्हर चढतो. तो तिथलाच आहे. काका मागच्या बर्थवर आडवे होतात. रात्री आठच्या सुमारास गाडी आमण्याला. दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च मी भाड्यातच धरतो. ज्या पार्टीला तो जड वाटतो तिचा माल मी या रस्त्याने नेत नाही.

ट्रक बाजूला लावून दोन तास सुखाने पडता येईल, पाणी-संडास असेल, अशा जागा अजून फार कमी आहेत. मेहकर ते जालना या पट्ट्यात ते सर्वात जास्त जाणवतं. काका गाडीतच स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन ठेवतात.

तारखेचा माल, मशीनचे भाग, साइट अडलेली असेल तर समृद्धी. अँगल, चॅनलसारखा घाई नसलेला माल मी आजही वाडीहून अमरावती-धुळ्यानेच सोडतो.