पेठ-सुरगाण्याच्या जंगलात कोणतं डीईएम धरावं: कोपर्निकस की फॅबडेम?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात पाणलोटाचं काम आखणाऱ्यापुढे फुकट मिळणाऱ्या डीईएमपैकी (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशांपैकी) खरी निवड दोघांतच उरते: युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं ३० मीटरच्या चौकटींचं, आणि त्याच्यावरूनच झाडं-इमारती वजा करून २०२२ साली आलेलं फॅबडेम.

बाकीच्यांचं थोडक्यात. एसआरटीएम, म्हणजे नासाच्या अंतराळयानातून रडारने मोजलेलं डीईएम, फेब्रुवारी २००० चं आहे. सागाची पानगळ चालू असते तेव्हाचं, त्यात सी-बँड, म्हणजे कोपर्निकसपेक्षा लांब लहरींचं रडार, त्यामुळे ते झाडोऱ्यात थोडं आत उतरतं. पण उंची पूर्ण मीटरांत असल्याने खोऱ्याच्या सपाट तळात पायऱ्या पडतात. कार्टोडेम हे इस्रोचं, कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून (एकाच जागेच्या दोन कोनांतल्या चित्रांवरून) बनलेलं. तो उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा. हिवाळ्यात त्या वेळी ऊन आग्नेयेकडून येतं आणि कोकणाकडे तोंड केलेले कडे नेमके सावलीत असतात, तिथे चित्रं नीट जुळत नाहीत. शिवाय त्याची उंची समुद्रसपाटीपासून नसून एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची. आपल्या भागात हा फरक सुमारे ६० मीटरचा आहे. तो काढल्याशिवाय कुठलीही तुलना करू नये.

आता मुख्य दोघं. कोपर्निकसच्या रडारचा एक्स-बँड जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा, तो दाट पालवीतून जमिनीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे जंगल डोंगराच्याच उंचीत धरलं जातं. ओहोळाच्या दोन्ही काठांवर उंबर, जांभूळ, करंज दाटले असतील तर मॉडेलमध्ये प्रवाहाला आडवा खोटा बांधच उभा राहतो आणि पाण्याची रेषा भलतीकडे वळते. फॅबडेममध्ये हा त्रास बराच कमी. रुंद खोरी आणि मध्यम उताराची वनजमीन एवढंच क्षेत्र असेल, तर फॅबडेम घ्यायला माझी हरकत नाही.

अडतं ते कड्यांपाशी. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर घ्या: बेसॉल्टचा उभा कडा, खाली झाडीची पट्टी, पुन्हा कडा. फॅबडेममध्ये झाडं वजा केली जातात ती मशीन लर्निंगने, आणि तिथे झाड कुठलं आणि खडक कुठला हे त्याला ३० मीटरच्या चौकटीत ठरवावं लागतं. कड्याची धार बोथट होते, मधली पट्टी घसरणीसारखी दिसू लागते. समतल चर कुठे थांबवायचे ते याच पट्टीवर ठरतं, म्हणून मला हे जास्त खटकतं. जंगलात कोपर्निकसची चूक बहुतेक एकाच दिशेची असते, वरची. तिचा अंदाज बांधता येतो. फॅबडेमची चूक कड्याजवळ वर असेल की खाली, हे नकाशा पाहून कळत नाही. त्यात फॅबडेमचा परवाना अव्यावसायिक वापरापुरता आहे. मोबदला घेऊन आराखडा करणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं.

आपल्या क्षेत्रावर पडताळणी करायची असेल तर आइससॅट-२ ची, म्हणजे नासाच्या लेझरने उंची मोजणाऱ्या उपग्रहाची, एटीएल०८ (जमीन आणि झाडोऱ्याची उंची देणारी) माहिती घ्या. १०० मीटरचे तुकडे वापरू नका: ३० अंशांच्या उतारावर एवढ्या अंतरात जमीन जवळजवळ ५८ मीटर चढते. २० मीटरचे उपतुकडे, जोरदार किरण (उपग्रहाच्या लेझर किरणांपैकी 'स्ट्राँग बीम'), रात्रीची फेरी, आणि शक्यतो मार्च ते मेमधली, कारण तेव्हा साग-ऐन उघडे असतात आणि जमिनीवरून परतणारे फोटॉन (लेझरचे प्रकाशकण) वाढतात. या उंचीही एलिप्सॉइडवरच्या, त्यामुळे आधी ईजीएम२००८ वर, म्हणजे कोपर्निकस-फॅबडेम वापरतात त्या समुद्रसपाटीच्या मॉडेलवर आणा.

मग आडवं सरकणं तपासा. दोन थर अर्ध्या पिक्सेलने, म्हणजे १५ मीटरने सरकलेले असले तर ३० अंशांच्या उतारावर साडेआठ मीटरहून जास्त खोटा फरक दिसतो आणि दोष झाडांवर जातो. पूर्व आणि पश्चिम उतारांवर फरकाची चिन्हं उलटी आली तर सरकलंय असं समजा. ते दुरुस्त केल्यावर उतार आणि झाडीच्या गटांनुसार मध्यक आणि एनएमएडी (मध्यकावर आधारलेलं, टोकाच्या चुकांनी न बिघडणारं विखुरणीचं माप) काढा. सरासरी किंवा आरएमएसईला (चुकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाला) कड्यांवरचे चार बिंदूही बिघडवतात.

टोपोशीटच्या समोच्च रेषा इथे कामाच्या नाहीत, १:५०,००० वर त्या २० मीटरच्या अंतराने असतात. डीजीपीएसचे (अचूक जीपीएसने जागेवर मोजलेले) बिंदू बहुतेक मोकळ्या माळावर, रस्त्यावर, देवळापुढे घेतले जातात, कारण झाडाखाली सिग्नल टिकत नाही. मग अहवालात दोन मीटरची चूक दिसते आणि जंगलातली खरी चूक मोजलीच जात नाही. निदान काही बिंदू झाडीतल्या मोठ्या मोकळ्या जागेत यंत्र अर्धा-पाऊण तास स्टॅटिक, म्हणजे न हलवता, ठेवून घ्या. जागा ३० मीटरहून लहान असेल तर तिच्या पिक्सेलमध्ये शेजारची झाडं येतात, तो बिंदू वेगळा लिहा.

कोपर्निकस घेतलंच तर खोट्या बांधांसाठी 'फिल' (खळगे भरून काढणं) वापरू नका, मागचा सगळा तळ वर उचलला जातो. 'ब्रीच' करा, म्हणजे बांध फोडून वाट काढा, आणि टोपोशीटवरचा ओहोळ पाच मीटरने कोरून घ्या.